अंगण कोणी झाडले?

(रवींद्रनाथांच्या कारवारच्या नाटकाच्या निमित्ताने)

सन १८८३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर काही दिवस कारवारला राहिले होते. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. ते त्या वेळी कारवारला न्यायाधीश होते आणि आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता. रवींद्रनाथांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे. एका चांदण्या रात्री ही मंडळी होडीतून काळी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेली. ती काळी म्हणजे आपलीच काळी. जोयडा तालुक्यातील डिग्गीच्या परिसरात उगम पावणारी आणि सुमारे १८४ कि.मी. वाहून कारवारला समुद्रास मिळणारी. त्या रात्रीचे वर्णन रवींद्रनाथांनी पुढे १९१२ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृति’त केले आहे. शिवाजी महाराजांच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी होडी थांबली. मंडळी उतरून एका शेतकऱ्याच्या घरी गेली. स्वच्छ झाडलेल्या लहानशा अंगणात, जेथे चांदणे पडले होते तेथे बसून, बरोबर आणलेले पदार्थ त्यांनी खाल्ले. परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली, नदीच्या मुखाशी उतरून वाळूतून चालत सर्वजण घरी आले. कवीला झोप आली नाही.

याच कारवारच्या मुक्कामात ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले गेले. ते १८८४ साली प्रसिद्ध झाले आणि १९१७ साली ‘संन्यासी’ या नावाने त्याचे इंग्रजी रूपही आले. आपल्या नदीच्या मुखाशी सुचलेले हे नाटक उगमाकडच्या आपल्या घरांतून मात्र फारसे वाचले गेलेले नाही. दैनंदिन जीवन आणि चिरंतन प्रश्न यांचे नाते काय, हाच त्याचा विषय असल्यामुळे आणि अलीकडे आपल्या मंडळाकडे येणाऱ्या चिंतनपर निबंधांचाही तोच विषय असल्यामुळे, या नाटकाचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटले.

कथानक साधे आहे. एक संन्यासी गुहेत बसून दीर्घ तपश्चर्या करतो. स्नेह, वासना, सुखदुःख यांचे सर्व पाश आपण तोडले, प्रकृतीला जिंकले, अशी त्याची खात्री होते. विजयी मनाने तो गुहेबाहेर येतो आणि रस्त्यावरच्या माणसांकडे तुच्छतेने पाहू लागतो. गावकरी, वाद घालणारे विद्यार्थी, वाटसरू या सर्वांचे बोलणे त्याला पोकळ वाटते. तेवढ्यात जातीबाहेर टाकलेल्या एका माणसाची अनाथ मुलगी त्याला भेटते. सर्वांनी तिला दूर लोटले आहे. संन्यासी लोटत नाही; पण ते दयेमुळे नव्हे, तर त्याच्या लेखी सारेच सारखे असल्यामुळे. मुलगी त्याला बिलगते आणि हळूहळू त्याच्याही मनात माया उत्पन्न होते. त्या मायेची भीती वाटून तो तिला टाकून निघून जातो. पुढे राहवत नाही, तेव्हा दंड-कमंडलू मोडून, संन्यासाचाच संन्यास करून तो परत येतो. मुलगी तोवर मेलेली असते. प्रकृतीने घेतलेला सूड तो हा.

या नाटकाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. जग मिथ्या मानून बाजूला सारणाऱ्या वृत्तीला एका तरुण कवीने दिलेले हे उत्तर आहे आणि ते तर्काने न देता अनुभवाने दिलेले आहे. अनंत हे सान्ताच्या बाहेर कोठे नसून सान्ताच्या आतच भेटते, हा विचार आपल्या पुढील साऱ्या लेखनाची प्रस्तावना ठरला, असे स्वतः रवींद्रनाथांनीच म्हटले आहे. कारवारहून परतल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. संसाराकडे परतणाऱ्या संन्याशाचे नाटक लिहिणारा कवी स्वतःच संसाराच्या उंबरठ्यावर उभा होता.

तथापि नाटक पुन्हा पुन्हा वाचताना आमच्या मनात एक शंका राहून गेली. ‘जीवनस्मृति’त या नाटकाचा अर्थ सांगताना रवींद्रनाथ दोन पक्ष मांडतात. एका बाजूला रस्त्यावरची आणि गावातली माणसे. ती आपल्या घरगुती क्षुद्रतेत समाधानी आहेत आणि तिच्या पलीकडच्या कशाचीही त्यांना जाणीव नाही. दुसऱ्या बाजूला संन्यासी. तो आपल्याच कल्पनेने निर्मिलेल्या अनंतात सर्वस्व, स्वतःलासुद्धा, टाकून द्यायला निघाला आहे. प्रेमाचा पूल पडला, तेव्हा एकाची क्षुद्रता आणि दुसऱ्याची पोकळी या दोन्ही नाहीशा झाल्या.

मांडणी देखणी आहे. परंतु ती न्याय्य आहे काय? हा पूल एकाच तीरावरून पाहिलेला आहे. शिकतो तो संन्यासी, बदलतो तो संन्यासी, ज्ञान होते ते त्यालाच. संसारी माणसे नाटकाच्या आरंभी जशी असतात तशीच शेवटी राहतात. आणि ज्या मुलीमुळे हे सारे घडते, ती तर केवळ त्याला शहाणे करण्यासाठी आली आणि गेली असे होते. तिला भूक होती, निवारा हवा होता, उद्याची चिंता होती. ‘मला सर्वांनी का टाकले?’ हा तिचा प्रश्न संन्याशाच्या प्रश्नापेक्षा कमी चिरंतन नाही. पण नाटकात तो प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. त्याचे रूपांतर संन्याशाच्या अनुभवात होते.

यावर कोणी म्हणेल की, हे प्रतीकनाट्य आहे, त्यातील मुलगी म्हणजे सृष्टीची माया, तिच्याकडे व्यक्ती म्हणून पाहणे हा अरसिकपणा होय. आक्षेप बिनतोड वाटतो, पण आमची अडचण नेमकी तेथेच आहे. सान्तामध्ये अनंत आहे असे एकदा म्हटले, की सान्ताला नुसते प्रतीक करून चालत नाही. ती मुलगी प्रथम एक मुलगी असली पाहिजे, नाहीतर संन्यासी गुहेत जे करीत होता तेच कवी रस्त्यावर करतो आहे असे होईल. २२ वर्षांच्या लेखकाकडून याहून अधिक अपेक्षावे काय, हा प्रश्न वेगळा. पुढच्या आयुष्यात रवींद्रनाथांनी स्त्रिया, मुले आणि खेड्यातली माणसे किती जवळून रंगविली हे वाचकांस ठाऊकच आहे. आमचा आक्षेप कवीच्या थोरवीवर नसून या एका मांडणीवर आहे, कारण तीच मांडणी चिंतनपर लेखनात आजही सर्रास वापरली जाते.

म्हणून आम्ही पुन्हा त्या चांदण्या रात्रीकडे वळतो. कवीने अंगण स्वच्छ होते हे टिपले; त्याबद्दल त्यांची दृष्टी धन्य आहे. पण अंगण आपोआप स्वच्छ नसते. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात अंगणाची काय दशा होते हे आपण जाणतो. शेवाळ धरते, माती वाहून जाते, पागोळ्यांखाली खळगे पडतात. पाऊस सरला की नवी माती घालायची, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपून जमीन घट्ट करायची, शेणाने सारवायची. आणि मग पुढे रोज सकाळी झाडायचे, सडा घालायचा. चांदणे त्या अंगणात तेवढे खुलून दिसले, त्यामागे कोणाचे तरी असे हात होते. त्या घरातले कोणी पाहुण्यांशी बोलले काय, त्या रात्री त्यांच्या मनात काय आले, याविषयी त्या आठवणीत काही नाही. ज्यांना ‘पलीकडची जाणीव नाही’ असे पुढे म्हटले गेले, त्यांच्याच अंगणात बसून कवीला पलीकडचे दिसले होते.

झाडणाऱ्या माणसाला पलीकडची जाणीव नसते, हे मराठी वाचकाने तरी मान्य करू नये. आपल्या परंपरेत जनाबाई आहे. नामदेवांच्या घरची ही दासी. झाडणे, सडा घालणे, दळणे, कांडणे, शेणी वेचणे हा तिचा दिवस. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिला या कामांतून सोडवीत नाही. तो तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो, तिने झाडून काढलेला केर भरतो. रवींद्रनाथांच्या संन्याशाला संसाराकडे परत यावे लागते. जनाबाई कोठे गेलेलीच नाही, म्हणून तिला परतण्याचा प्रसंग नाही. येथे देवालाच गुहेतून बाहेर येऊन केरसुणी हाती घ्यावी लागली. आणि विशेष हे की, हे दुसऱ्या कोणी तिच्याविषयी लिहिलेले नाही. झाडणारीनेच स्वतः सांगितलेले आहे. मुलीच्या तोंडून नाटकात जे आले नाही ते येथे कित्येक शतकांपूर्वीच आले आहे.

दूर पंढरपूरलाच कशाला जावे? आपल्या तालुक्यातच उळवी आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या उत्पातानंतर शरणांना घेऊन चन्नबसवण्णा या रानात आले आणि येथेच त्यांची समाधी झाली. दरवर्षी यात्रेला घाटावरून येणाऱ्या बैलगाड्या आपण लहानपणापासून पाहत आलो. पण त्या गाड्या ज्या विचाराच्या ओढीने येतात त्याची ओळख आपण मराठी घरांनी किती करून घेतली? शरणांनी ‘कायक’ म्हणजे नित्याचा श्रम हाच कैलास मानला. त्यांच्यात आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य होऊन गेले. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते ठेवून घेतले नाहीत. आजची गरज भागेल तेवढेच आपले, बाकीचे परत टाकून या, असे तिने नवऱ्याला बजावले. मनुष्याला किती पुरे, हा तत्त्वज्ञानातला अत्यंत जुना प्रश्न आहे. तो येथे एका बाईने सुपातले तांदूळ पाहून सोडविला. लक्कम्मा स्वतः वचनकार होती, हे येथे पुन्हा सांगण्याजोगे.

आता तिसरे उदाहरण. नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील भाष्य सांगितले अशी श्रद्धा आहे, तो ‘पैसाचा खांब’ आजही उभा आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या १९७० च्या ललितलेखसंग्रहाने हा खांब मराठी साहित्यात कायमचा आणून ठेवला. त्या संग्रहास १९७१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळा अवकाश. एका शब्दाचा अर्थ कोशात न शोधता त्या वस्तूपाशी जाऊन शोधणे ही दुर्गाबाईंची रीत, आणि चिंतनपर ललित लेखनाचा आमच्या मते तोच उत्तम नमुना होय. त्या खांबावर एक कोरीव लेख आहे. त्यात ब्रह्म, माया, मोक्ष यांविषयी काही नाही. करवीरेश्वराच्या देवळात अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दरवर्षी द्यावयाच्या दानाची ती नोंद आहे. मराठीतला सर्वांत विशाल तत्त्वविचार ज्या खांबाच्या आधाराने सांगितला गेला असे आपण मानतो, त्या खांबावर तेलाचा खर्च लिहिलेला आहे. दिवा अखंड म्हटला, तरी तेल अखंड नसते; ते दरवर्षी आणावे लागते आणि रोज घालावे लागते. चिरंतन म्हणजे जे आपोआप टिकते ते नव्हे, तर ज्याची कोणी तरी रोज निगा राखतो ते, असा अर्थ त्या दगडाने आमच्यापुरता सांगितला.

येथपर्यंत जे लिहिले ते केवळ एका जुन्या नाटकावरील टीका म्हणून लिहिले नाही. आपल्या तालुक्याचे नाव पूर्वी सुपा होते. सुपा गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते. मराठी माणसाला या दोन नावांचा आणखी एक अर्थ कळतो. जुन्या कागदपत्रांत ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा; काळी-पांढरी म्हणजे सारे गाव. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले, पन्नास-पन्नास मेगावॅटची दोन यंत्रे बसली, आणि १९८० च्या दशकात सुप्याची काळी आणि पांढरी दोन्ही पाण्याखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, कित्येक घरे रामनगरला गेली, कित्येक आणखी दूर.

या घटनेवर आपल्या पत्रिकेतून जे लेख आले, त्यांतले काही आम्हीच लिहिले आहेत. म्हणून पुढील टीका प्रथम स्वतःवर आहे. बहुतेक लेखांचा शेवट एकाच जागी होतो: सर्व काही नश्वर आहे, गाव येते आणि जाते, नदी तेवढी राहते. वाचताना डोळे पाणावतात, मनाला शांतही वाटते. पण हे खरे चिंतन आहे काय? जराजर्जर होऊन घर पडणे निराळे आणि माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाने गाव बुडणे निराळे. धरणाची गरज नव्हती असे आम्ही म्हणत नाही. आज ज्या दिव्याखाली हे लिहीत आहोत त्याची वीजही अशाच कोठून तरी येते. परंतु निर्णयाला नियती म्हटले, की कोणाला काय द्यावे लागले, कोणाला काय मिळाले, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. नश्वरतेचा सिद्धान्त खरा असला, तरी तो हिशेब टाळण्यासाठी वापरला, की खोटा होतो. येथेही संन्याशाचीच चूक आपण करतो. बुडालेल्या गावाला प्रतीक करतो आणि त्यातून आपले वैराग्य तेवढे पदरात पाडून घेतो.

या हिशेबात आपलीही बाजू आहे. आपली घराणी येथे जुनी म्हणवतात, पण आपल्याही आधी या रानाची निगा राखणारे कुणबी आहेत. कंदमुळांच्या किती जाती कोठे, कधी लावायच्या आणि कशा काढायच्या हे ज्ञान त्यांनी रोजच्या कामातूनच पिढ्यान्‌पिढ्या जपले. आपल्या निबंधांत ते बहुधा निसर्गवर्णनाच्या ओघात, झाडे आणि पक्षी यांच्या जोडीने येतात. कवीच्या आठवणीतला शेतकरी अबोल का, असे विचारण्यापूर्वी आपल्या लेखांतला कुणबी अबोल का, याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे.

सुप्याची आमच्या घरातली एक आठवण सांगून हा विषय आटोपता घेतो. निघण्याच्या दिवशी घर रिकामे झाले होते, देव पेटीत बसले होते, सामान गाडीत चढले होते. आजी मात्र पहाटे नेहमीप्रमाणे उठली. तिने अंगण झाडले, सडा घातला, तुळशीपुढे पणती लावली. वडील म्हणाले, ‘‘अगो आई, आता कशाला? इथे पाणी येणार ना?’’ आजी म्हणाली, ‘‘आज उजाडलंय ना?’’ आणि तिने केरसुणी गाडीत ठेवायला दिली.

आम्ही ही आठवण अनेकदा अनेकांना सांगितली आणि दर वेळी तिच्यावर काही भाष्य जोडले. कधी निष्काम कर्म म्हटले, कधी भूमीवरची भक्ती म्हटली. आज वाटते की, त्या भाष्याची तिला गरज नव्हती. तिने प्रश्न विचारला होता आणि उत्तरही दिले होते. ते ऐकून घेण्याऐवजी आम्ही तिच्या वतीने बोलत राहिलो. त्या वेळी तिच्या मनात दुःख किती होते आणि राग किती होता, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

रवींद्रनाथांचे नाटक वाचकांनी जरूर वाचावे. संन्याशाला परत आणणारी त्यातली मायेची शक्ती आजही जिवंत आहे, आणि ते आपल्या नदीच्या काठी लिहिले गेले याचा अभिमानही बाळगावा. मात्र यापुढे आपल्या पत्रिकेसाठी चिंतनपर निबंध हाती येईल, तेव्हा आम्ही त्याला एक साधा प्रश्न विचारणार आहोत. यात जे अंगण आहे ते कोणी झाडले, आणि त्या व्यक्तीला या लेखात बोलायला मिळाले आहे काय? आमच्या स्वतःच्या जुन्या लेखांना हा प्रश्न लावून पाहिला. त्यांतले फार थोडे उत्तीर्ण झाले. ज्यांच्या घरी सुप्याचे अंगण पाहिलेली वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्यापाशी बसावे, आपले तत्त्वज्ञान बाजूला ठेवून त्यांचे ऐकावे, आणि जे ऐकले ते तसेच लिहून पाठवावे, अशी आमची विनंती आहे.